न वाजलेला डबा

प्रिय बनू,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले, हुरळून जाऊ नकोस. हे माझं शेवटचं पत्र. गेल्या ईदला आमच्या आसिफच्या हाती तुझ्याकडं वाईला शीरखुर्म्याचा डबा धाडला आणि तू तो रिकामा परत केलास. हलवून बघितला, साखरेचा दाणासुद्धा वाजला न्हाई. माधवनगरच्या गिरणीत आपण चौदा वर्षं शेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्या. तवा पोटाला चिमटा होता, तरी एकमेकींचा डबा कधी रिकामा गेला न्हाई; चिमूटभर साखर तरी असायचीच. आता लेकाच्या बंगल्यात गेलीस, तर आमच्या घरचं गोड कडू झालं, व्हय?

तो डबा न उघडता तसाच फडताळावर आदळला. तुझे चार फोन आले, उचलले न्हाईत. म्हटलं, निघाली बया सारवासारव करायला. तवापासून वर्षभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडतेय. तुझी सून असं म्हणाली असेल, त्यावर तू मान डोलावली असशील, मग मी असं सुनावलं असतं... भाजी करपते, नमाजात रकातींची मोजणी चुकते, परवा नातीला, तरन्नुमला, तुझ्या नावानं हाक मारली. सांगलीची डॉक्टरीण म्हणाली, मावशी, मनातलं भांडणसुद्धा मेंदू खरंखुरं धरतो, रोज अंगाला लढाईला उभं करतो; मग झोप कुठनं लागणार नि ध्यानात काय राहणार? म्हणजे कांडी संपली तरी माग चालूच. खडखडाट रग्गड, कापड बोटभर न्हाई. हे पापही तुझ्याच माथी.

इथवर लिहिलं आणि डबा तुझ्या तोंडावर परत मारायचा म्हणून घासायला उघडला. आत अबोलीचा वाळलेला गजरा आणि तुझ्या वाकड्या अक्षरातली चिठ्ठी. 'मदिना, तुला साखरेचा आजार झालाय म्हणून साखर घातली न्हाई. रागावू नगंस. म्होरल्या म्हयन्यात डोळ्याचं आपरेशन हाय. तू जवळ येऊन बस, मला लय भ्या वाटतंय.'

बनू, वर्ष झालं गं. तुला दिसतं का, हेही मला ठाऊक न्हाई. फोन लावायला हात धजत न्हाई, नि हे पत्र पोस्टातही टाकत न्हाई. शनिवारी साताऱ्यावरनं वाईच्या एसटीनं मीच घेऊन येतेय. दिसत असलं तर वाच आणि पोटभर शिव्या घाल. दिसत नसलं, तर तुझ्याजवळ बसून मीच वाचून दाखवीन. पहिल्या ओळीपासून, एक शब्द न गाळता.

तुझीच करंटी,
मदिना