मंडईचा फ्रॉक

१२ नोव्हें., बुध.
चिमी नऊ दिवसांनी दवाखान्यातून घरी आली. मोडलेल्या कोपरात तारा, वरून प्लास्टर. गाडीवरून उतरवाले गेलो त मनगटाले चावली, रक्त निघालं. सहा वर्षांची पोर. तिची माय सुषमा म्हणे, "राहू द्या, तिची काय चुकी." मंग कोणाची? माझीच. ऑपरेशनच्या दिवशी रडू नये म्हणून नवा फ्रॉक घालून दिला, मंडईच्या जत्रेले चाललो, पाळण्यात बसू म्हटलं. उतरवली दवाखान्यात. सुई टोचताना पाय मीच दाबून धरले.

१४, शुक्र.
चिमीनं बाहुलीचे हात ओढणीनं बांधले अन् पोटात बाभळीचा काटा भोसकून राहिली. "हलू नको. हलली त बांधून टाकीन." नर्स असं बोलली नव्हती. मी बोललो होतो.
अंथरूण रोज ओलं. आधी असं नव्हतं.

१९, बुध.
आज बकरीच्या पिल्लाले तोच काटा. पिल्लू ओरडलं, मी धावलो, एक थापड ठेवून दिली. गाल लाल झाला, पण रडली नाही. सरळ गेली अन् मंडईचा फ्रॉक चुलीत टाकला. जळेपर्यंत पाहत उभी. सुषमा माझ्याशी बोलत नाही.
हात उचलाले नको होता.

२७, गुरु.
उद्या तारा काढाच्या. आई म्हणे, "कोंढ्याची मंडई हाय म्हणून सांग, चुपचाप बसते." डोकं फिरलं. हातातला डाळीचा गंज भिंतीवर आपटला, डाळ सगळीकडे. आई घाबरली.
मंग चिमीपाशी बसलो. "उद्या दवाखाना. मंडई नाही. तारा काढतेत, दुखते."
"बांधशीन?"
"नाही."
"पाय धरशीन?"
नाही म्हणाचं होतं. "धरा लागले त धरीन."
तिनं प्लास्टरचा हात माझ्या तोंडावर आणला. ओठ फुटला. मी हललो नाही. अजून दोनदा मारलं, मंग थकली. आधी रक्त पुसलं, मंग जेवलो. तीही जेवली, माझ्याच ताटात.

२८, शुक्र., सकाळी
ओठ सुजला. चिमीनं एका हातानं स्वतःच चपला घातल्या, जुनाच फ्रॉक. गाडीच्या टाकीवर बसून हाय. मुठीत काटा.
"हे कायले?"
"तू पाय धरशीन तवा टोचाले."
सुषमा काढून घेत होती. मी म्हटलं राहू दे.
गाडी चालू करतो.