डाळ न शिजणारं शहर

हिमायतनगर, हैदराबाद

ती. चतुराअक्काच्या पायांवर धाकट्या हिंमतरावाचं डोकं. डोळ्याच्या ऑपरेशनला महिना झाला, तेव्हा हे पत्र तू स्वतःच वाचत असशील असं धरून चालतो (शेजारीण वाचून दाखवत असेल तर तिला याच ओळीवर थांबवून चहा करायला पाठव). दसऱ्याला उदगीरहून पाठवलेली तूरडाळ पोचली. माझे गुडघे तसेच आहेत, म्हणजे तीन मजले चढलो की उरलेला दिवस त्यातच जातो. फोन सोडून पत्र का, तर फोन केला की सगळं घर ऐकतं आणि माझं किरटं अक्षर या घरात माझ्याशिवाय कुणाला लागत नाही.

तुझ्या लाडक्या भाच्याला समुद्राकाठी राहायचं आहे. हर्षवर्धनला कंपनीने कुठूनही काम करायची मुभा दिली आणि साहेबांना एकदम कळलं की हैदराबादेत फार उकडतं. म्हणून जिथला उकाडा वर अंगाला चिकटतोही, तिथं जायचं. सूनबाई तेजश्री पुण्याची, त्यामुळे नुसतं ठरवून भागत नाही, तक्ता लागतो. वर इंग्रजीत मथळा, कुटुंबासाठी उत्तम शहर. खाली मंगळूर, पुदुच्चेरी, विशाखापट्टण. रकाने शाळेचे, बागेचे, दवाखान्याचे, फुटपाथचे. एक रकाना कुत्र्याचा. घरात कुत्रा नाही, पण पुढेमागे आणायचा विचार आहे म्हणे. अक्का, घरात सासरा आहे. त्याचा रकाना नव्हता. मी तक्ता दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

मग मीही निघालो शहरं बघायला, कुणी न विचारता. सोबत छोटा कुकर, विजेची शेगडी आणि तुझी डाळ. तुला आठवतच असेल, भाग्यलक्ष्मी कुठलंही घर डाळ शिजवून पाहिल्याशिवाय घेत नसे. आबिड्सजवळचं चांगलं चार खोल्यांचं घर तिने एका वाटी डाळीवरून नाकारलं होतं. पाणी जड असेल तिथं संसार करायचा नाही, हा तिचा कायदा. ती जाऊन सहा वर्षं झाली, पण हर्षवर्धन आईचा तो कायदा अजून मानतो. कॉम्प्युटरवर जगाचा हिशेब करणारा मुलगा कुकरची शिट्टी झाली की हात बांधून उभा राहतो.

मंगळुरात तेजश्रीला शाळा आवडली नाही, पुदुच्चेरीत भाडी आवडली नाहीत, तेव्हा तिथं मला काही करावं लागलं नाही. विशाखापट्टण मात्र दोघांना बघताक्षणी पसंत. सकाळी समुद्रावर माझ्या वयाची माणसं अर्ध्या चड्ड्या घालून हात हलवत चालत होती आणि यालाच जीवनमान म्हणतात असं मला सांगण्यात आलं. समुद्राबद्दल म्हणशील तर पाणी येतं आणि जातं, त्यात बघण्यासारखं काय ते कळलं नाही. दलाल आम्हाला एका तळमजल्यावरच्या घरात घेऊन गेला आणि तेलुगूत इतका गोड बोलायला लागला की मला संशयच आला. नातीने, मानसीने, कुठल्या भिंतीला आपला पलंग तेही ठरवून टाकलं. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

सात शिट्ट्या झाल्या. झाकण उघडलं तर डाळ जशीच्या तशी, दाणा न् दाणा वेगळा. हर्षवर्धनने एक दाणा बोटांत दाबून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "नक्को," तो म्हणाला. "आईला हे घर चाललं नसतं." दलालाने दवाखाने मोजून दाखवले, फुटपाथ दाखवले, शेवटी भाडंही उतरवलं. काही उपयोग झाला नाही. मी कुकर धुऊन पिशवीत भरला. फार दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

परतीच्या गाडीत नामपल्ली यायला तासभर असताना तेजश्री खिडकीकडे बघत म्हणाली, "अप्पा, ते घर तुमच्या गुडघ्यांसाठी शोधलं होतं. मागची खोली तुमची होती." दवाखान्याचा रकाना माझाच होता म्हणे, हाडांचा डॉक्टर दहा मिनिटांवर असावा म्हणून. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्यायचंसुद्धा तिने दलालाशी ठरवलं होतं. हे तक्त्यात लिहायला काय झालं होतं, असं मी विचारलं. तर म्हणाली, तुम्ही येणार हे काय लिहायचं.

असो. तब्येतीला जप. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.

तुझा,
हिंमतराव

ता. क. कुकरमध्ये डाळीबरोबर मी चिंच टाकली होती, लिंबाएवढी, फडक्यात बांधून, आणि कुणी बघायच्या आत काढून घेतली. आंबट पडलं की डाळ शिजत नाही, हे तुला सांगायला नको. तेव्हा एक काम कर. हर्षवर्धनला फोन कर आणि सांग की आत्याने चुकून तीन वर्षांची जुनी डाळ पाठवली होती, पाण्याचा दोष नाही. तुझं तो ऐकेल. दलालाने घर रविवारपर्यंत कुणाला देत नाही म्हटलंय (मी त्याला रोज चोरून दोन शब्दांपुरता फोन करतो).

ता. क. दुसरा. तू म्हणशील, स्वतः सांग. सांगितलं असतं. पण चिंच टाकली म्हटलं की तो का म्हणून विचारणार. आणि ही पोरं मला इथं ठेवून चालली आहेत असं मला वाटलं होतं, हे त्याच्या तोंडावर सांगायला मला जमणार नाही, अक्का.