आवाजाची दुसरी प्रत

२ ऑक्टोबर, दसरा

—वायर ओढली. आधी इंटरनेटची, मग डिस्कची. डिस्कवर वाहिलेली झेंडूची फुलं जमिनीवर पडली. बोटांना कुंकू लागलं. सकाळी स्क्रीनवर सरस्वतीचं चित्र लावलं होतं. तिथे आता लाल पान. इंग्रजीत. तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, पैसे भरा, किल्ली मिळेल. खाली उलटं चालणारं घड्याळ.

'धनेश' नावाचं फोल्डर उघडून पाहिलं होतं. नावं तीच. 'हाक', 'जेवण', 'फोनवर', 'रागाने'. प्रत्येक नावाला अनोळखी अक्षरांचं शेपूट. एकही वाजत नाही. डिस्कवर दुसरी प्रत होती. तिथेही तेच शेपूट.

धनेश आतल्या खोलीत झोपला आहे, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या गळ्यातल्या नळीचा श्वास इथवर ऐकू येतो. कॉम्प्युटर बंद केला. दार ओढून घेतलं.

त्याला सांगायचं नाही. आज तरी नाही!

३ ऑक्टोबर

नीट लिहून काढते. लिहिलं की भीती कमी होते म्हणतात. बघू.

ऑगस्टमध्ये धनेशचं स्वरयंत्र काढलं. कॅन्सर. त्याआधी, आवाज होता तोवर, तो मधल्या खोलीत माइकसमोर बसायचा. मी वाक्यं लिहून द्यायचे, तो बोलायचा. माझी जुनी विद्यार्थिनी समीक्षा पुण्यात हेच काम करते— या वाक्यांवरून ती त्याचा आवाज मशीनमध्ये घडवणार. मग त्याने फोनवर लिहायचं आणि फोनने त्याच्या आवाजात बोलायचं. माझा नवरा, खोपोलीच्या कारखान्यातला कामगार, एवढीच त्याची ओळख नाही. कर्जत-खालापुरातल्या कबड्डीच्या मैदानांवर समालोचन त्याचं. लोक चेहऱ्याआधी आवाज ओळखायचे.

ऑपरेशननंतर तो उंबऱ्याबाहेर गेलेला नाही. कुणी बोलवायला आलं की फोनवर लिहून दाखवतो— 'आवाज आला की येतो.'

फायली समीक्षाला पाठवायच्या राहिल्या. मीच म्हटलं, आधी मागचे आवाज कापते. कुत्री, मालगाडी. कॉलेजातून आले की थोडं थोडं कापत बसायचे. दिवाळीपर्यंत पाठवू म्हटलं.

डिस्क एरवी काम झालं की काढून कपाटात जाते. काल गेली नाही. वन्सं— धनेशच्या थोरल्या बहीण, विमलबाई— पोशीरहून मदतीला आल्या आहेत. दसऱ्याची पूजा त्यांनीच मांडली. विळा, कोयता, माझी पुस्तकं, कॉम्प्युटर. डिस्क उचलून म्हणाल्या,

"ह्ये कशाचं गं?"

"कॉम्प्युटरचंच आहे. जोडायचं असतं."

"मग जोड की! बिनमुठीच्या विळ्याची पूजा करत्यात का?"

जोडली. सरस्वती दिसत राहावी म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवला.

"आता उंद्या सकाळपातुर कोनी हात लावायचा नाय. हत्याराला पन सुटी असती."

दिवसभर कुणी हात लावला नाही. आत जे शिरलं होतं त्याला नेमकं हेच हवं होतं. चालू मशीन, जोडलेली डिस्क, आणि समोर कुणी नाही.

४ ऑक्टोबर

कॉम्प्युटर आणि डिस्क चादरीत गुंडाळून रिक्षाने नेली. स्वप्नीलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, स्टेशनजवळ. चादर सोडली तर कॅबिनेटवर कुंकवाची बोटं. तो हसला. मला हसू आलं नाही.

"परत चालू नाय ना केलात, मॅडम?"

"नाही."

"पैसे भरले?"

"नाही."

"भरू पन नका. भरून किल्ली येतेच असं नाय. आनि दुसरं काय जोडू नका ह्याला— फोन नाय, पेनड्राइव्ह नाय. सगळ्यांना लागतं ते."

त्याने लाल पानाचा फोटो काढला. सायबर पोलिसांत तक्रार कशी करायची ते सांगितलं. काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात म्हणाला, शोधून बघतो. मी निघताना मागून म्हणाला,

"मॅडम, पुढच्या दसऱ्याला बंद करून पुजा हां. देवी काय स्क्रीन बघायला येत नाय!"

रिक्षात बसल्यावर त्याचं 'पुढच्या दसऱ्याला' पुन्हा ऐकू आलं. पुढच्या दसऱ्याला धनेश असेल का, हा विचार आवाजाच्या विचाराआड लपून बसला होता.

५ ऑक्टोबर

तो मधल्या खोलीच्या दारात उभा. रिकाम्या टेबलाकडे बोट.

"दुरुस्तीला दिलाय. पंखा फार वाजत होता."

मान हलवली. परत जाऊन पडला.

मी इतकं सहज खोटं बोलले!

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

वन्सं तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून हळूच म्हणाल्या, "माधवी, खरं सांग गं. माज्या हातानं गेला का त्याचा आवाज?"

"नाही हो वन्सं."

"मीच म्हनले जोड म्हनून."

"तो कुठूनतरी आधीच आत आला होता."

"कोन?"

काय सांगणार? चोर म्हटलं. त्यांनी उठून मागच्या दाराची कडी लावली.

६ ऑक्टोबर

समीक्षाला फोन केला. कबड्डीच्या मैदानावरचे व्हिडिओ लोकांकडे पुष्कळ आहेत, त्यातून होईल का विचारलं. तिने दोन-चार मागवून ऐकले.

"मॅम, मागे सगळी गर्दी आहे. शिट्ट्या, ढोल. आणि सर ओरडतायत. घरात बोलणारा माणूस यातून निघणार नाही."

घरात बोलणारा माणूस. बरोबर आहे तिचं.

तो 'माधवी' कसं म्हणायचा, ते आठवायला बसले. स्वर आठवतो. मग वाटतं, हा मीच लावलेला स्वर आहे. माझ्या डोक्यातल्या आवाजात तो बोलतो. खरा मागे पडत चालला आहे. इतक्यातच!

७ ऑक्टोबर

मला बोलवायला त्याने टाळी वाजवली, मी कुकरच्या शिट्टीत ऐकली नाही. गेले तेव्हा तो भिंतीला धरून उभा, डोळे बाहेर आलेले. नळीत कफ अडकलेला. कफ ओढायचं सक्शन मशीन लावलं. निघाला.

नंतर दोघेही जमिनीवर बसून होतो. फोनमधला आवाज असता तरी हे झालंच असतं, हे कळतं मला. तरी त्या फायलींच्या नावातलं पहिलं नाव डोळ्यापुढून जात नाही. 'हाक'.

८ ऑक्टोबर

स्वप्नीलचा फोन. या प्रकाराची किल्ली अजून कुणाला सापडलेली नाही. जुनी हार्डडिस्क आणि पूजेतली, दोन्ही काढून वेगळ्या बांधून देतो म्हणाला. टाकून देऊ नका, कधीकधी वर्षांनी किल्ली निघते. कॉम्प्युटरला नवीन डिस्क लावली आहे, सगळं पहिल्यापासून बसवलंय.

मग म्हणाला, "एक तारखेला संध्याकाळी कोनीतरी एक प्रोग्रॅम टाकलाय, मॅडम. आवाज साफ करायचा. कुलूप तोडून फुकट वाटतात तसला. त्यातनंच आलंय. तुमीच टाकला काय?"

एक तारखेला संध्याकाळी मी आणि वन्सं बाजारात होतो. फुलं, आपट्याची पानं. घरात एकटा धनेश.

"हो," म्हटलं. "मीच."

९ ऑक्टोबर

त्याला माहीत नसेल, तर मी सांगितल्यावर कळेल की आपल्याच हाताने झालं. आजारपणात माणसाला असं काही कळू नये. माहीत असेल तर— तर तो इतके दिवस काय करतो आहे?

जेवताना त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानेही माझ्याकडे नाही.

१० ऑक्टोबर

कॉम्प्युटर घरी आला. मी वायरी लावत होते, तो मागे येऊन उभा राहिला. बटण त्यानेच दाबलं. निळी, कोरी स्क्रीन. त्याने माउस इकडून तिकडे फिरवला. फोल्डर नाही. काहीच नाही.

"धनेश, ऐक—"

त्याने हात वर केला. खुर्चीत बसला आणि फोनवर लिहायला लागला. बराच वेळ. मी वरून वाचत होते, तो खोडत होता, पुन्हा लिहीत होता. घरच्या बोलीत लिहितो तो, मी इतकी वर्षं शुद्ध बोलत असून.

'मला ठाव हाय. दसऱ्याला दुपारी तुझ्या आधी बगितलं लाल पान. काय करायचं कळलं नाय. जाऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. झोपलो नवतो.'

मग—

'मालगाडीचा आवाज काढायला घेतला तो प्रोग्रॅम. तू रोज कापत बसतीस म्हनून.'

मग—

'तू रागवशील म्हनून गप नवतो. तू रडशील म्हनून.'

मी म्हटलं, "मी पण तेच. तू—" वन्सं दारात येऊन दोघांकडे पाहत होत्या. "काय झालं रं धन्या?" त्याने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नाही, हे तो घाईत विसरला. मग मी वाचून दाखवलं. मोठ्याने, त्याच्या बोलीत, जसं लिहिलं होतं तसं. वन्संनी पदर तोंडाला लावला. "गाडव हायस," म्हणाल्या. "ल्हानपनापास्नं."

दोन्ही डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या. एक कपाटात, एक वन्संबरोबर पोशीरला जाईल. किल्ली निघाली तर निघाली.

मी रडले नाही. भीती तशीच आहे. फक्त आता तिच्यात दोघं आहोत.

झोपण्याआधी त्याने पुन्हा फोन पुढे केला. 'आता कशाची वाट बगायची?'



११ ऑक्टोबर

सकाळी धनेश घरात नव्हता. मोरीत नाही, अंगणात नाही. चपला नाहीत. वन्सं हाका मारत रस्त्यापर्यंत गेल्या, मी नदीकडे पळाले. तेवढ्यात धाऊचा फोन. कर्जतच्या बाजारात मासे घेऊन बसते ती.

"वैनी, तुमचं मालक कवाधरनं बांगड्याच्या भावावरनं माज्याशी भांडत्यात वो! बोटं नाचवून! अर्धा बाजार जमलाय बगायला. न्या बाई त्यांना!"

आणायला कुणी गेलं नाही. थोड्या वेळाने तो आपला आपण आला. गळ्याला रुमाल, हातात पिशवी. बांगडे ताजे होते.