तपासणीची रंगीत तालीम

मंगळवार, ४ मार्च

घडलं ते असं:

१. सकाळी ऑफिसात तपासनीस म्हणून एक चष्मेवाले गृहस्थ आले.
२. प्रशिक्षणार्थींना इथे नीट शिकवतात का ते पाहायचंय, म्हणाले. मला एकटीला बैठकीच्या खोलीत बसवलं. दार लावलं.
३. "मोकळेपणाने बोला. इथलं इथेच राहील."
४. मी बोलले. सहा महिने फक्त फोन घेते आणि कागद स्कॅन करते. आवक-जावक, बैठकीचं इतिवृत्त, बिलांची पडताळणी — काहीही शिकवलेलं नाही. प्रशिक्षणाच्या आराखड्यात मात्र प्रत्येक विषयापुढे 'शिकवले' अशी खूण.
५. त्यांनी एक अक्षरही लिहून घेतलं नाही.

पाचवा मुद्दा डोक्यातून जात नाही. इंजिनियरिंगच्या डिप्लोमाला असताना आम्ही साधा मीटर बघितला तरी आकडा टिपायचो. हा कसला तपासनीस?

बुधवार, ५ मार्च

तपासनीस नव्हतेच ते! साहेबांचे मेव्हणे. सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून.

"रंगीत तालीम होती," साहेब सर्वांसमोर म्हणाले. "खरी तपासणी शुक्रवारी. आपल्या इंजिनियरबाई भलत्याच स्पष्टवक्त्या निघाल्या हो!" सगळे हसले. मीही हसले.

मग केबिनमध्ये, अगदी गोड आवाजात — "प्रमाणपत्रावर सही माझी लागते. माहीत आहे ना?"

माहीत आहे. डिप्लोमा होऊनही दीड वर्ष घरी बसले होते. हे हातचं गेलं तर पुन्हा तेच. आणि आईने शेजारीपाजारी सांगून टाकलंय, लेक ऑफिसात लागली म्हणून.

गुरुवार, ६ मार्च

डबा खायला काकू शेजारी येऊन बसल्या. काकू म्हणजे माझ्या मार्गदर्शक. आराखड्यातल्या खुणा त्यांच्याच हातच्या. वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"खरं तेच बोललीस," त्या म्हणाल्या. "दोघींचं काम माझ्या एकटीच्या गळ्यात. तुला घेऊन बसले की साहेब फाइल आणून आपटतात. वर खुणा करायला लावतात."

"मग उद्या काय सांगू?"

"सगळं शिकवलं म्हण नि मोकळी हो. माझं काय, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत."

बोलता बोलता त्यांनी डब्याच्या झाकणावर बोटाने रकाने आखले आणि आलेल्या पत्राची नोंद कशी करायची ते दाखवलं. सहा महिन्यांतला पहिला धडा!

शुक्रवार, ७ मार्च

खऱ्या तपासनीस बाई आल्या. साहेब खुर्चीतून हलले नाहीत, आणि बाईंनीही त्यांना बाहेर जा म्हटलं नाही. काकू माझ्या शेजारी.

"आराखड्यातलं सगळं शिकवलं का?"

"हो."

बाईंनी लिहून घेतलं.

"खोटं बोलतेय पोरगी," काकू म्हणाल्या. "घाबरलीय. मी काही शिकवलेलं नाही हिला. वेळच देत नाहीत तर शिकवू कधी? त्या खुणा माझ्या, पण करायला लावलेल्या."

"काकूंची तब्येत हल्ली बरी नसते," साहेब.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

मी टेबलाकडे बघत राहिले.

शनिवार, ८ मार्च

जेवण जात नाही. आई विचारते, काय झालं? काही नाही म्हटलं.

सोमवार, १० मार्च

काकूंची खुर्ची रिकामी. चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. कारण — साहेबांविरुद्ध खोटी तक्रार. पुरावा — माझं 'हो'.

माझ्या प्रमाणपत्रावर सही झाली, मुदतीच्या आधीच! साहेबांनी स्वतः आणून दिलं. "शहाणी मुलगी." घरी टेबलावर पडलंय. हात लावायची भीती वाटते.

मंगळवार, ११ मार्च

आज तपासनीस बाईंना पाठवलं, तेच इथे उतरवते:

"शुक्रवारी मी 'हो' म्हणाले ते खोटे होते. माझ्या मार्गदर्शक बाई बोलल्या ते खरे. माझा जबाब पुन्हा घ्यावा — ऑफिसबाहेर, साहेब नसताना. प्रमाणपत्र सोबत परत पाठवत आहे. शुक्रवार, १४ मार्चपर्यंत उत्तर द्यावे."