निळीसाठी बावीस डिग्री

२६ ऑक्टोबर, संध्याकाळी
गॅरेज झालं एकदाचं! फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या, भिंतीला थर्मामीटर. बावीस डिग्री. अख्ख्या रस्त्यावर असं गॅरेज कुणाचं नाही. दार मुद्दाम तासभर उघडं ठेवलं. आर्नफिनला दिसायला हवं.

आर्नफिन म्हणजे आमचा शेजारी. एकटाच असतो. त्याची गाडी माझ्याच गाडीच्या वर्षाची, १९८४ ची, मॉडेलही तेच, फक्त लाल. निळी माझ्याकडे नवीकोरी होती तेव्हापासून आहे. यानं दोन वर्षांपूर्वी कुणा शेतकऱ्याकडून लाल आणली. का आणली ते मला पक्कं ठाऊक आहे. १७ मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत अकरा वर्षं सगळ्यांत पुढे माझी निळी असते, मागच्या सीटवर गावातलं सर्वांत म्हातारं माणूस. पुढच्या वर्षी माग्नहिल्डबाई. वय अठ्ठ्याण्णव. मला चौथीला शिकवायला होत्या.

एप्रिलमध्ये गाडीची सरकारी तपासणी. ती झाली की पुढची जागा माझीच.

संकल्प : यंदा निळीला थंडी बाधू द्यायची नाही. गंज कसा लागतो तेच बघतो.

२ नोव्हेंबर
आर्नफिन सकाळपासून लालच्या खाली उताणा. गंज धरू नये म्हणून लोकरीची चरबी फवारतोय. ओल्या मेंढीचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत. मी खिडकी लावली. बायकोनं, तुरीदनं, उघडली. म्हणाली, घाण कसली, मला तर मामाचं घर आठवलं. मग त्याला वाफल देऊन आली. पाच. वर ब्राऊन चीज.
मला तीन मिळाली होती.

१९ नोव्हेंबर
बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायला लागलं. दुकानात जाऊन आलो आणि निळीला थेट उबेत घेतलं. बिचारी लाल बाहेर अंगणात, टपावर बर्फ. संध्याकाळी आर्नफिन कुंपणापाशी आला. म्हणाला, अरे ओड्वार, मिठातून आलेली ओली गाडी अशी उबेत... मी तिथेच थांबवलं त्याला. म्हटलं, दोन गाड्या मावणार नाहीत, बाबा.
माणसानं मागावं तरी किती!

४ डिसेंबर
रोज अर्धा तास पॉलिश. बॉनेटमध्ये तोंड बघून दाढी करता येईल. तुरीद म्हणाली, जरा खालूनही पाणी मार, तो बघ दर शनिवारी मारतो. म्हटलं, गाडी लोक वरून बघतात. ती म्हणाली, तपासणीवाले खालूनच बघतात.
असल्या वादात मी पडत नाही.

२४ डिसेंबर
तुरीदनं परस्पर आर्नफिनला जेवायला बोलावलं. ऐन ख्रिसमसला एकटा कसा ठेवायचा, म्हणे. एकटा माणूस भाजलेल्या बरगड्या तीनदा घेतो. भेट काय आणली, तर पाण्याची नळी, वाकड्या तोंडाची. गाडीच्या पोटाखाली घालायची. घरात येऊन माझा अपमान! वरच्या फळीवर टाकली. मी त्याला गाडीत टांगायचा सुवासिक कागद दिला, देवदाराच्या वासाचा. त्याला काही बोचलं नाही. खदाखदा हसला. तुरीदही हसली. अगदी डोळ्यांत पाणी येईतो.
माझ्या विनोदाला हसली असं धरून चालतो.

११ जानेवारी
उणे चौदा. लाल पहिल्याच फटक्याला सुरू झाली. नशीब एकेकाचं.
गॅरेजच्या फरशीवर तपकिरी पाणी. सिमेंट अजून कच्चं आहे. त्याचाच रंग.

२ फेब्रुवारी
निळीच्या खाली तपकिरी पापुद्रे. पानं असणार. फेब्रुवारीत पानं कुठली, असं तुरीद विचारते. गेल्या शरदातली, चाकात अडकलेली. आता उबेनं सुटली. गॅरेजचा हाही एक फायदाच.
निळी लवकर वाळावी म्हणून पंचवीस डिग्री केलं.
आर्नफिन पुन्हा आला. तिसरी वेळ. ते दार जरा उघडं ठेवत जा, ओड्वार, वारा लागू दे, म्हणाला. म्हणजे नळ्या माझ्या, बिल माझं आणि ऊब याच्या अंगणात जाणार. दार लावून घेतलं.

८ मार्च
तुरीद गाण्याच्या वर्गाला लालमधून गेली. निळी फार खडखडते, म्हणाली. जुन्या गाडीला स्वतःचा आवाज असतो, हे समजावून सांगेपर्यंत ती गेली होती. खिडकीतून बघत होतो. त्यानं तिच्यासाठी दार उघडलं. मी निळीचं दार उघडत नाही, कारण बिजागरी नाजूक आहे.
साडेनऊला आल्या आल्या विचारलं, वास नाही आला? कसला, म्हणाली.

१७ एप्रिल
तपासणी.
तिथली मुलगी पंचविशीची असेल. बॉनेटकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. गाडी वर उचलली आणि दाराखालच्या पट्टीला स्क्रू-ड्रायव्हर लावला. मुठीपर्यंत आत. जरा हळू, म्हटलं. म्हणाली, आजोबा, मी दाबलाच नाही. पाच भोकं मोजली, मग मोजायचं सोडून दिलं. विचारलं, गरम गॅरेज आहे का? मी अभिमानानं सांगितलं, पंचवीस डिग्री! तिनं स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. म्हणाली, मीठ थंडीत झोपून असतं. उबेत उठून कामाला लागतं. तुम्ही हिवाळाभर त्याला झोपूच दिलं नाहीत.
निळीला रस्त्यावर बंदी.
लाल सकाळीच पास झाली होती. तिचं पोट बघायला त्या मुलीनं दोन सहकाऱ्यांना हाक मारली होती म्हणे.
घरी आर्नफिननं आणलं. वाटेत दोन टोमणे मारले असते तरी परवडलं असतं.

१८ एप्रिल
तुरीदला विचारलं, त्याला माहीत होतं तर बोलला का नाही? ती भांडी घासत होती. म्हणाली, तीनदा आला होता रे. तुला वाटलं जागा मागतोय.
ठीक आहे. इथे कोण वाचतंय. मला त्याचा हेवा वाटतो. गाडीचा नव्हे. तो आला की हे घर हसतं, त्याचा.
उद्यापासून हेवा बंद.

९ मे
समितीचं पत्र. मिरवणुकीत पुढे लाल.
तासाभरात आर्नफिन दारात. म्हणाला, मी बँडात तुबा वाजवतो, मला मागे चालायचंय. लाल तू चालव. रस्ता तुझ्याइतका कुणाला ठाऊक आहे?
म्हटलं, विचार करून सांगतो. तो फाटकापर्यंत पोचायच्या आत हो म्हणालो.

१७ मे, रात्री
ऊन. झेंडे. सगळ्यांत पुढे मी. मागे माग्नहिल्डबाई, त्यांना धरायला तुरीद. लोक हुर्रा ओरडत होते. चर्चच्या वळणावर कुणीतरी ओरडलं, ओड्वार, काय राखलीयस रे गाडी! मी हॅट उचलली. तेवढं चालतं.
बाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या बोलतात ते दोन्ही फुटपाथांना ऐकू जातं. म्हणाल्या, ही आर्नफिनची ना? दुसऱ्याची वही आपली म्हणून दाखवायची तुझी खोड गेली नाही वाटतं अजून.
तुरीद हसली. मी चालवत असलेल्या गाडीत, डोळ्यांत पाणी येईतो.
उरलेली सगळी वाट कान लावून होतो. पट्टी, दारं, तळ, काहीतरी खडखडेल. एकदाच खडखडली असती तरी चाललं असतं. शाळेजवळच्या खड्ड्यातूनसुद्धा मुद्दाम नेली.
नाही खडखडली.