केळवणाचं पॅकेज

नाशिक रोड
कार्तिक वद्य पंचमी (तारीख मोबाईलमध्ये बघ)

प्रिय वेदिका,

तुझ्या केळवणासाठी मी कोणतं हॉटेल निवडलं, ते ग्रुपवर कळवायचं असं वहिनींनी सांगितलं होतं. पण तिथे मी चार ओळी लिहिल्या की खाली सगळे अंगठे लावतात आणि वाचत कोणी नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या पुण्याच्या पत्त्यावर, म्हणजे तुझ्या आईच्या हाती न पडता तुझ्याच हाती पडेल.

वहिनींचं म्हणणं असं, की आत्याच्या केळवणाशिवाय लग्न शोभायचं नाही, पण आत्याने घरी दगदग करायची नाही. माझ्या दगदगीची ही काळजी त्यांना तुझ्या बारशाला नव्हती. सगळ्या पंगतीच्या पुरणपोळ्या तेव्हा मीच लाटल्या होत्या. असो. रोहितने गाडी काढली आणि आम्ही आत्या-भाचे नाशिकभर हॉटेलं बघत हिंडलो. अन्नाला नावं ठेवू नयेत असं संस्कृतच्या तासाला मी आयुष्यभर शिकवत आले, त्यामुळे अन्नाबद्दल काही लिहिणार नाही. सुदैवाने बहुतेक ठिकाणी तो प्रश्नच आला नाही.

तुझ्या भावाची पहिली पसंती मिसळ. शहराबाहेर मळ्यात एक जागा आहे, तिथे मिसळ मिळते असं ऐकून होते. आम्हाला आधी उंट भेटला, मग रंगवलेली बैलगाडी, मग झोपाळ्यावर बसून फोटो काढणाऱ्यांची रांग. भोंग्यावरून नंबर पुकारत होते, सरकारी दवाखान्यात पुकारतात तसेच, फक्त इथले रुग्ण हौसेने आलेले. बऱ्याच वेळाने एका बाजेवर जागा मिळाली. शेजारच्या बाजेवरचे गृहस्थ नाक ओढत मुलाला सांगत होते, की याला म्हणतात गावाकडचं जेवण. गावाकडे बाजेवर झोपतात, हे त्यांना सांगावंसं वाटलं; पण त्यांच्या डोळ्यांतून आधीच पाणी येत होतं.

मग त्र्यंबक रस्त्यावरचं एक 'शुद्ध सात्त्विक'. सात्त्विक आहाराची व्याख्या मी मुलांकडून पाठ करून घेत असे. तिच्यात चीज बसवायचं म्हटलं तर फार ओढाताण होते. इथे त्यांनी ते भेंडीतही बसवलं आहे. भिंतीवर एक श्लोक रंगवलाय, अर्धा. उरलेल्या अर्ध्यावर एसी बसवलाय. रोहित म्हणाला, आत्या, लोक इथे वातावरणासाठी येतात. मी म्हटलं, मग वातावरणच पार्सल करून घे, घरी जाऊन पिठलं-भात खाऊ.

शेवटी दिंडोरीकडचं, द्राक्षमळ्यातलं. तिथल्या एका टापटीप मुलाने पेला गोल गोल फिरवून मला समजावलं, की या वाईनला ओल्या मातीचा आणि जुन्या चामड्याचा गंध आहे. बाळा, हे दोन्ही गंध एकलहऱ्याच्या बसमध्ये पावसाळाभर यायचे आणि त्यासाठी कोणी मान डोलावत नसे. तूही त्या बसने कॉलेजला जायचीस, अकरावी-बारावीला आमच्याकडे क्वार्टरवर राहायला होतीस तेव्हा. तुझे काका त्यांच्या सुटीच्या दिवशीही तुला स्टॉपवर सोडायला यायचे, कारण बसने एकटीने जाण्याइतकी तू मोठी झालीस हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

तर त्या द्राक्षमळ्यात 'केळवण पॅकेज' मिळतं. केळीचं पान छापलेली ताटं, चिकटवायची रांगोळी, मागे दिव्यांच्या अक्षरांत तुझं आणि समर्थचं नाव, शिवाय फोटोपुरती नथ. मॅनेजर बाई फार अदबीने एकेक गोष्ट सांगत होत्या. त्याच अदबीने म्हणाल्या, "औक्षण आमची मुलगी करेल, मॅडम. वेदिकाच्या आईंनी फोनवर तसंच सांगितलंय."

काउंटरवरची ती मुलगी माझ्याकडे बघून हसली. चांगली होती गं पोरगी. मी रोहितकडे बघितलं, तर तो मेनूकार्ड वाचत होता, उलटं धरून. दिंडोरी मागे पडली तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघालं, "आत्या, आई नाही मानत हे. पण समर्थकडचे विचारतील ना, औक्षण कोणी केलं म्हणून."

म्हणजे माझी दगदग ही अशी होती. काका जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या हातातलं निरांजन तुमच्याकडे विझलेलं धरतात. वहिनी मानत नाहीत, समर्थकडचे अजून एक शब्द बोललेले नाहीत, आणि आमचा दादा अशा वेळी पेपर वाचत असतो. मानणारा एकही सापडत नाही, पाळतात मात्र सगळे. पूर्वीचे सोवळेवाले निदान तोंडावर सांगायचे, बाई, तुम्ही मागे थांबा. यांनी माझ्या जागी भाड्याची सुवासीण ठरवली, जीएसटीसकट, आणि वर हॉटेल निवडायचा मान मला दिला. मंगलाष्टकं मात्र माझीच हवी आहेत, शार्दूलविक्रीडितात, दोन्ही घरांची नावं गुंफून. कागदावरची विधवा मंगल असते, असा नवा शास्त्रार्थ दिसतो.

तुला यातलं काय ठाऊक होतं ते मला ठाऊक नाही, आणि रोहितला मी विचारलं नाही. तुझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून लिहितेय. मी कोणतंही हॉटेल निवडलेलं नाही. रविवारी तू नाशिकला येणारच आहेस, तर माझ्याकडे ये. समर्थला आण, त्याच्या आईवडिलांनाही आण. तुम्हा दोघांना पाटावर बसवीन, तुझी ओटी भरीन, औक्षण मी करीन. हे नको असेल तर तू स्वतः फोन कर, आईकडून निरोप नको. मग मी हॉटेलात येईन, चांगली साडी नेसेन, फोटोत हसेन, त्या पोरीने तुला ओवाळलं की टाळ्याही वाजवीन. तुझ्यावर रागावणार नाही. फक्त त्याला आत्याने केलेलं केळवण म्हणू नकोस. आत्या तिथे जेवायला आली होती, एवढंच म्हण.

फोनची वाट बघत नाही असं दाखवणारी,
तुझीच,
छायाआत्या