गव्हाच्या कोठीतलं कार्ड

३ नोव्हेंबर

अंकुश बोलला! पुण्याहून आल्यापासून एकोणीस दिवसांत पहिलं अख्खं वाक्य. ताट ठेवायला गेलो तर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, ‘‘बाबा, तो जुना कॉम्प्युटर हाये का अजून?’’

माळ्यावरून काढला. धूळ झटकली. चालू झाला बिचारा! त्याने कॉलेजच्या दिवसांतला तो गाव वसवायचा गेम लावला – विहिरी खोदा, शेतं करा, माणसं वसवा. पडद्यावर नुसते तुकडे.

‘‘ग्राफिक्स कार्ड लागते याले. आपलं तर जळलं होतं न,’’ म्हणाला आणि परत आडवा झाला.

मी बटण बंद करून बाहेर आलो.

४ नोव्हेंबर

वहीत तरी खरं लिहावं. कार्ड जळलं नव्हतं.

२०१३ चा ऑगस्ट. पोरगं बारावीत. गल्लीत कोणी केबल कापली, कोणी टीव्ही पलंगाखाली ढकलला. बारावी म्हणजे घराला सुतकच! कॉम्प्युटर अभ्यासाला लागायचा, तो कसा काढणार? मग गेम चालवणारं तेवढं कार्ड काढलं, पिशवीत बांधलं आणि गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून दाबलं. पोराला सांगितलं – जळलं. तो आठवडाभर धड जेवला नाही. त्याची आई, रुख्मिणी, एवढंच म्हणाली, ‘‘असं कसं जळलं वं माय?’’ आणि पोळ्या लाटत राहिली.

एप्रिलमध्ये नवा गहू भरताना हात घालून पाहिलं, तर पिशवी गायब! विचारणार कोणाला? विचारलं की खोटं उघडं. आता रुख्मिणीला जाऊनही चार वर्षं झाली. मार्क चांगले पडले तेव्हा मात्र अख्ख्या नंदनवन कॉलनीत सांगत फिरलो – मी कडक राहिलो म्हणून.

पण तेव्हापासून पोरगं माझ्याशी कामापुरतं बोलतं. हेही खरं.

६ नोव्हेंबर

बर्डीच्या बाजारात गेलो. दुकानात सोनिका नावाची बाई आहे, तिला यातलं सगळं कळतं. ‘‘जुन्या गेमले सातशे दहा नंबरचं कार्ड बस झालं काका. हजार-तीस नंबरचं कायले घेता? तुमचा मॉनिटर निळ्या पिनवाला असंन तं लागणारच नाही ते.’’

मला वाटलं, म्हातारा पाहून स्वस्तात कटवून राहिली. ‘‘सगळं आहे घरी,’’ म्हणालो तोऱ्यात. बारा वर्षांनी परत करायचं तर कंजुषी कशाला? मोठ्या आकड्याचंच घेतलं.

७ नोव्हेंबर

कार्ड बसवायच्या आधीच दिसलं, निळ्या पिनेला जागाच नाही! वायर हातात धरून उभा राहिलो.

‘‘राहू द्या बाबा.’’ कूस बदलली त्याने.

हे ‘राहू द्या’ मला ऐकवत नाही.

८ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहायची टाळत होतो. तो आला त्याच आठवड्यात मी त्याच्या दाराची आतली कडी काढून टाकली. दाराला रंग द्यायचा आहे म्हणालो.

नोकरी गेली ते त्याने दोन महिने सांगितलं नव्हतं. इथे आल्यावर दिवसचे दिवस आडवा. मला भीती वाटते. कशाची, ते लिहिणार नाही. दुपारी तीन-तीनदा दार ढकलून बघतो. पांघरूण हललं की परत येतो. धंतोलीत चांगले डॉक्टर आहेत, चल म्हटलं, तर ‘‘पाहू.’’

वस्तू काढून घ्यायची आणि वर खोटं सांगायचं – सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा!

१० नोव्हेंबर

कार्ड बदलून आणलं. सोनिका हसली नाही, उपकारच. ‘‘कोणासाठी घेऊन राहिले काका?’’

‘‘पोरासाठी.’’

‘‘केवढा आहे?’’

‘‘एकोणतीस.’’

तिने खोका उघडून निळी पिन कुठे लागते ते दोनदा दाखवलं.

११ नोव्हेंबर

पेचकस सापडेना. शेवटी रुख्मिणीच्या शिलाई मशीनच्या खणात एक मिळाला, मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. कॉम्प्युटर उघडून बसलो. अंकुश पलंगावर उठून बघत होता. मग राहवलंच नाही.

‘‘जळलं नव्हतं गा ते. मीच काढलं होतं.’’

तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या हातातल्या पेचकसाकडे बघत होता.

‘‘माहीत हाये मले,’’ म्हणाला. खाली उतरला, माझ्याकडून पेचकस घेतला आणि स्क्रू स्वतः आवळला.

माहीत आहे! म्हणजे बारा वर्षं मला खोटारडा समजूनच बाबा म्हणत आला. आज जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर

गेम चालतोय! चहा द्यायला गेलो तेव्हा पडद्यावर त्याच्या जुन्या गावांची यादी होती. सगळ्यात वरचं – मांढळ. रुख्मिणीचं माहेर! पुढे तारीख १७ जानेवारी २०१४. तेव्हा तर कार्ड काढून पाच महिने झाले होते. त्या कॉम्प्युटरचं घड्याळच चुकत असणार.

विचारायचा धीर झाला नाही.

१३ नोव्हेंबर

विचारलं.

‘‘बाबा, आपल्या घरी दळण कोण काढे?’’

पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं रुख्मिणीला! मी ऑफिसात असताना रोज तीन वाजता ती त्याच पेचकसाने कार्ड बसवायची. तास-दीड तास तो खेळायचा, ती शेजारी बसून कुठे विहीर खोद ते सांगायची. पाचला कार्ड परत गव्हात. ‘‘आई म्हणे, तुह्या बाबाले वाटू दे त्यायचंच चालून राहिलं.’’

‘‘मग गेलं कुठं ते?’’

‘‘परीक्षा झाल्यावर खरंच जळलं.’’

हसलो दोघं. मग तो रडायला लागला, कितीतरी वेळ. मी पाठीवर हात ठेवून बसलो. पाच वाजून गेले, कार्ड काढायला कोणी उठलं नाही.

‘‘सोमवारी जाऊ धंतोलीले,’’ म्हणाला. ‘‘अन् ते कडी लावून द्या आता. रंग काही तुम्ही देत नाही.’’

लावून दिली. लाल दोऱ्याच्या पेचकसाने.